घराचे छप्पर : कौल, पत्रा की स्लॅब?

शिमगा आटोपला की गोव्याच्या खेड्यापाड्यांतून घरदुरुस्तीची बोलणी सुरू होतात. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागते आणि त्यापूर्वी छपराचे काम उरकलेच पाहिजे, हे प्रत्येक घरधन्याला ठाऊक असते. सुतार मिळत नाही, कौले चाळणारे गडी मिळत नाहीत, मागच्या पावसात माजघरात तीन ठिकाणी भांडी मांडावी लागली होती, आणि शेजाऱ्याने तर गेल्याच वर्षी स्लॅब ओतला! अशा घाईत जुने कौलारू छप्पर उतरवून टाकण्याचा निर्णय चार दिवसांत होऊन जातो. हा निर्णय पुढची तीसचाळीस वर्षे त्या घराला व घरातल्या माणसांना भोगावा लागतो. म्हणून कौल, पत्रा व सिमेंटचा स्लॅब या तिन्ही प्रकारांचे गुणदोष, आणि त्याहीपेक्षा ते बसविण्याची रीत, येथे काहीशी तपशिलाने दिली आहे.

प्रारंभी पावसाचा हिशेब मांडणे अवश्य आहे. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. सत्तरी, सांगे या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत तो किनाऱ्यापेक्षा अधिक असतो. उदाहरणादाखल ६ मीटर रुंद व ९ मीटर लांब असे एक साधे घर घेऊ. त्याच्या चारी बाजूंनी पाऊण मीटरची वळचण धरली तर छपराखालची जमीन ७.५ गुणिले १०.५, म्हणजे जवळजवळ ७९ चौरस मीटर होते. तेवढ्या जागेवर एका पावसाळ्यात सुमारे २ लाख ३५ हजार लिटर पाणी पडते. हे सर्व पाणी न अडता, न मुरता, भिंतीपासून दूर नेऊन सोडणे हे छपराचे पहिले काम होय. सावली देणे, वारा सोसणे, उष्मा अडविणे ही कामे त्यानंतरची.

जुन्या गवंड्यांनी व सुतारांनी हे काम उताराच्या बळावर केले. पूर्वी गोमंतकात अर्धगोल मातीचे नळे असत; एक उताणा व त्यावर एक पालथा अशी त्यांची मांडणी. नळे दुहेरी असल्याने जड आणि दरवर्षी सरकणारे. तरी गावच्या कुंभाराकडे ते होत असल्यामुळे त्यांची सोय होती. पुढे १८६५ साली मंगळूर येथे नेत्रावतीच्या काठी जेप्पू भागात बासेल मिशनने यंत्रावर कौले करण्याचा कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारे चपटे लाल कौल मलबारपासून कोकणापर्यंत पसरले. ‘मंगळुरी कौल’ हे नाव तेव्हापासूनचे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरची कौलेही त्याच घडणीची. आज मंगळूर व कालिकत भागांतील पुष्कळ कारखाने बंद पडले आहेत. त्यामुळे नव्या मालाबरोबरच जुन्या घरांतून उतरविलेल्या कौलांचाही मोठा व्यापार चालतो.

कौलारू घर म्हणजे कच्चे घर, असा एक समज अलीकडे रूढ झाला आहे. तो खरा नव्हे. यंत्रावर बनविलेल्या, भाजलेल्या कौलांचे छप्पर टिकाऊ छपरांतच मोडते. शंभर वर्षांची कौले आजही घरांवर आहेत. कौलाखालचे लाकूड मात्र इतके टिकेलच असे नाही, आणि सारा घोटाळा येथेच होतो. छप्पर गळते तेव्हा दोष कौलाला दिला जातो. पण दहापैकी बहुतेक वेळा कौल निर्दोष असून त्याखालची रीप वाकलेली, वासा खचलेला किंवा खाचांत पालापाचोळा साचलेला असतो.

गळतीचे मूळ शोधणे

म्हणून छप्पर बदलण्यापूर्वी ते तपासावे. आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरली की आढे मध्ये किती दबले आहे ते लगेच दिसते. तीच दोरी पाख्यावर आडवी धरली तर वाकलेले वासे उघडे पडतात. पाख्याला खळगा पडला की तेथील कौलांचे सांधे उघडतात व उतार मंदावतो. मग कितीही नवी कौले घातली तरी त्या ठिकाणी पाणी आत येणारच. वाशांची भिंतीत गेलेली टोके आरीने टोचून पाहावीत. वाळवी आणि कुज यांचा आरंभ तेथेच होतो, कारण भिंतीतला ओलावा लाकडाच्या टोकातून वर चढतो व तेथे हवा खेळत नाही. आरी सहज बोटभर आत गेली तर तो वासा गेला असे समजावे. इतर ठिकाणी लाकूड टणक असेल तर केवळ टोक कापून, बाजूला नवा तुकडा बोल्टांनी जोडून वासा वाचविता येतो. सबंध छप्पर मोडण्याचे कारण नाही.

याखेरीज गळतीची तीन ठिकाणे ठरलेली आहेत. एक, आढ्यावर बसविलेल्या कोन्यांखालचा गिलावा. तो निव्वळ सिमेंटचा व भरपूर सिमेंटचा केला की उन्हाने तडकतो. चुना मिसळलेला गिलावा किंचित लवचीक राहतो व कमी तडकतो. दुसरे, दोन पाखी आतल्या कोनात मिळतात ती पन्हळ. तेथे दोन्ही पाख्यांचे पाणी एकवटते आणि नेमके तेथेच कौले कापून बसवावी लागतात. पन्हळीखालचा पत्रा रुंद हवा व तो दरवर्षी झाडून काढला पाहिजे. तिसरे ठिकाण म्हणजे छप्पर जेथे उंच भिंतीला टेकते तो सांधा. जुन्या घराला मागाहून न्हाणीघर किंवा पडवी जोडलेली असते, तेथे ही तक्रार हमखास आढळते.

या तपासणीनंतर निम्मे लाकूड खराब आढळले तर नव्या छपराचा विचार योग्य ठरतो. पाचसहा वासे व काही रिपाच खराब असतील तर दुरुस्तीच स्वस्त आणि शहाणपणाची.

कौलांची निवड व मांडणी

चांगले कौल बोटाच्या पेराने किंवा दुसऱ्या कौलाने ठोकले असता खणखणीत वाजते. बद्द आवाज आला तर ते कमी भाजलेले किंवा आतून चिरलेले असते. भारतीय मानक संस्थेने मंगळुरी कौलांसाठी आयएस ६५४ हे मानक ठरविले असून त्यात कौलाने किती पाणी प्यावे व किती भार सोसावा याच्या मर्यादा दिल्या आहेत. घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा अशी : कौल उन्हात चांगले वाळवून तोलावे, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावे, फडक्याने पुसून पुन्हा तोलावे. अडीच किलोचे कौल २ किलो ९०० ग्रॅम भरले तर त्याने ४०० ग्रॅम, म्हणजे आपल्या वजनाच्या १६ टक्के पाणी घेतले. हे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या, म्हणजे २० टक्क्यांच्या वर जाऊ लागले तर तो माल परत करावा. पाणी पिणारे कौल जड होते, त्यावर शेवाळ लवकर धरते आणि त्याचा ओलावा खालच्या रिपेला लागतो. शाळेतील शिक्षकांना हा प्रयोग सातवी-आठवीच्या मुलांकडून सहज करवून घेता येईल. शेकडेवारीचे गणितही त्यात आपोआप होते.

जुनी कौले घेण्यात कमीपणा काही नाही, उलट ती पारखलेली असतात. मात्र सर्व कौले एकाच कारखान्याची असावीत. प्रत्येक कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठविलेले असते, ते पाहून निवडून घ्यावीत. दोन कारखान्यांच्या कौलांत अर्ध्या बोटाचा फरक असला तरी खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि त्या फटीतून वाऱ्याची झड आत शिरते. दुरुस्तीसाठी बाजारातून पंचवीस कौले आणून जुन्या रांगेत खुपसली की पुढच्या पावसात गळती वाढते, तिचे कारण हेच. तीन निरनिराळ्या छापांची कौले हाती असतील तर एक छाप एका पाख्याला, दुसरा दुसऱ्याला, उरलेली गोठ्याला अशी वाटणी करावी.

आता उतार. पावसाळी मुलखात मंगळुरी कौलांना सुमारे ३० अंशांचा उतार द्यावा. सुताराला अंश सांगण्याऐवजी बारास सात हे माप सांगावे : आडवे १२ हात गेले की उभे ७ हात चढले पाहिजे. घाटालगत, जेथे पाऊस तिरपा व दिवसेंदिवस लागून राहतो, तेथे उतार थोडा वाढविला तर हिताचेच. लाकूड वाचविण्यासाठी उतार कमी करण्याचा मोह अनेकांना होतो. आढे अर्धा मीटर खाली आणले की चार वासे तोकडे चालतात, हे खरे. परंतु उतार २५ अंशांच्या खाली गेला की कौलावरून उतरणारे पाणी मंदावते आणि वाऱ्याच्या झोताने उलटे खाचेत चढते. अशी घरे दरवर्षी गळतात व दरवर्षी दोष कौलांच्या नावावर पडतो.

वर घेतलेल्या उदाहरणातील घराला ३० अंशांचा उतार दिला तर आढ्यापासून वळचणीपर्यंत प्रत्येक पाख्याची लांबी सुमारे ४ मीटर ३३ सेंटिमीटर होते व दोन्ही पाख्यांचे क्षेत्रफळ सुमारे ९१ चौरस मीटर भरते. एका चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. म्हणजे १,३६५ कौले, आणि फूटतूट धरून सुमारे १,४३०. आढ्यासाठी मीटरला तीन या हिशेबाने बत्तीस कोने. सर्व मिळून घेताना पन्नासएक कौले अधिक घेऊन माळ्यावर ठेवावीत. दहा वर्षांनी त्याच छापाचे कौल कोठे शोधणार?

रिपांमधील अंतर हा सर्वांत नाजूक भाग. ते बहुधा ३२ सेंटिमीटरच्या आसपास येते, पण ऐकीव मापावर विसंबू नये. दहा कौले जमिनीवर एका रांगेत, खाचेत खाच घालून मांडावीत. एकदा ती शक्य तितकी ताणून एकूण लांबी मोजावी, एकदा दाबून मोजावी. दोहोंची सरासरी काढून दहाने भागली की त्या मालाचे खरे अंतर मिळते. त्या अंतराच्या पूर्ण पटीत वाशाची लांबी बसवून घेतली तर आढ्याजवळ कौल कापावे लागत नाही. वासे ४५ ते ६० सेंटिमीटरवर असावेत. त्याहून लांब ठेवले की रिपा मध्ये झोल खातात. वळचणीची पहिली रीप इतरांपेक्षा जाड घ्यावी किंवा तेथे रिपेवर रीप ठोकावी, कारण पहिल्या रांगेच्या कौलाखाली टेकू द्यायला दुसरे कौल नसते. ही एवढीशी गोष्ट विसरली की पहिली रांग खाली झुकते आणि वरच्या सर्व रांगा तिच्यामागून ओढल्या जातात.

कौलाच्या पाठीला एक छिद्र असलेला लहानसा उंचवटा असतो. तो कशासाठी, हे आजच्या पुष्कळ कारागिरांनाही ठाऊक नसते. त्यातून तार ओवून कौल रिपेला बांधायचे असते. वारा छपरावर दाबतो त्यापेक्षा ते वर उचलतो अधिक, आणि ही ओढ वळचण, आढे व दोन्ही टोकांच्या कडा येथे सर्वांत जोरदार असते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा अशा वाऱ्याचा अनुभव किनाऱ्याला पुरेपूर आला. सर्व कौले बांधण्याची गरज नाही. वळचणीच्या दोन रांगा, आढ्यालगतची रांग व कडांची कौले जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेने किंवा तांब्याच्या तारेने बांधली तरी पुरे. त्याचप्रमाणे भिंतीच्या माथ्यावरचे आडवे लाकूड बोल्टांनी भिंतीला जखडलेले असावे. नुसत्या वजनावर बसलेले छप्पर शंभर वर्षांत एकदाच उचलले जाते. पण ते एकदाच पुरेसे असते.

लाकूड सागवान, किंदळ, मत्ती, फणस यांपैकी जे मिळेल ते, पूर्ण वाळलेले व गाभ्याचे घ्यावे. पक्क्या माडाचे वासेही चांगले टिकतात, मात्र माड जुना हवा. कोवळ्या माडाचा आतला भाग लवकर किडतो. भिंतीत जाणाऱ्या टोकांना डांबर लावून त्यांच्याभोवती बोटभर हवा खेळेल अशी जागा सोडावी. काजूच्या सालीचे तेल वाळवीवर गुणकारी आहे आणि कोकणात ते पूर्वापार वापरले जाते. लावताना हातांना लागू देऊ नये, कातडी भाजते. लाकूड परवडत नसेल तर लोखंडी नळ्यांच्या कैच्यांवर कौले बसविण्याची पद्धत आता सर्वत्र आली आहे व ती चांगली आहे. तेथे लक्ष ठेवायचे ते जोडांवर. जोडकामाच्या जागी गंज प्रथम धरतो. म्हणून जोड घासून, त्यावर गंजरोधक रंगाचे दोन हात देऊन मगच वर कौल चढवावे. नळ्यांची उघडी तोंडेही बंद करावीत, नाहीतर त्या आतून गंजतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पत्र्याविषयी

पत्र्याचे मोठे गुण दोन : वजन कमी आणि काम झटपट. सत्तरी, सांगे, काणकोण भागांत तिसरे कारणही ऐकू येते, ते म्हणजे माकडे. वानरांची टोळी एका सकाळी शंभर कौले सरकवून व फोडून जाते आणि दरवर्षी हे सोसणाऱ्या शेतकऱ्याने कंटाळून पत्रा घातला तर त्याला दोष देता येणार नाही. जंगलालगतच्या घराला पत्रा घालणे ही पुष्कळदा गरजच असते. परंतु घालायचा तर तो नीट घालावा.

जस्ताचा मुलामा दिलेला साधा पत्रा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतो. किनारपट्टीवर ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्र मुलाम्याचा व वर रंग दिलेला पत्रा घ्यावा आणि मुलाम्याचे प्रमाण पावतीवर लिहून मागावे. नुसत्या रंगावरून काही कळत नाही. पन्हळी पत्र्याचे स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी चकती घालून मारावेत. खळग्यात मारलेल्या स्क्रूवरून पाणी वाहते व चकती सुकली की तेथून ठिबकू लागते. बाजूचा जोड निदान दीड ते दोन पन्हळींचा व उताराकडचा जोड १५ सेंटिमीटरचा ठेवावा. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून घालत यावे, म्हणजे वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. हे एक पथ्य पाळले तर निम्मी झड अडते.

पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, हे सांगणे नलगे. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पत्र्याखाली ती कोंडते. आढ्याखाली दोन्ही टोकांच्या भिंतींत जाळीची झरोकी ठेवली व पत्र्याखाली लाकडी वा बांबूच्या तट्ट्यांचे छत दिले तर पुष्कळ फरक पडतो. शाळेच्या वर्गासाठी पत्रा घालताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुलैच्या सरीत पत्र्याखाली शिक्षकाचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे पोहोचत नाही. छत दिल्याशिवाय अशी खोली वर्गासाठी ताब्यात घेऊ नये.

सिमेंटच्या ॲस्बेस्टॉस पत्र्यांबाबत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. एके काळी ते सरकारी इमारतींवर, शाळांवर, बाजारांवर सर्रास घातले गेले. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसात गेले असता पुढे अनेक वर्षांनी कर्करोग व फुफ्फुसाचे इतर असाध्य विकार होतात, हे आता निर्विवाद आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक मानते. भारतात खाणकामासाठी नवे पट्टे देणे १९८६ साली थांबविण्यात आले. नव्या घराला हे पत्रे घालू नयेत. ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंट पत्रे मिळतात, ते पाहून घ्यावेत. घरावर जुने पत्रे असतील तर घाबरून ते फोडून काढणे अधिक धोक्याचे. न फुटलेला पत्रा जागेवर असेपर्यंत तंतू फारसे सुटत नाहीत. तो कापताना, भोक पाडताना, तारेच्या ब्रशाने शेवाळ खरवडताना ते सुटतात. काढायचेच असतील तर पत्रे पाण्याने भिजवून, न तोडता, एकेक अखंड उतरवावे, कामगारांना योग्य मुखपट्टी द्यावी, मुलांना जवळ फिरकू देऊ नये, आणि तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पंचायतीच्या सल्ल्याने सोपवावे. हे तुकडे चिखलाच्या वाटेत भर म्हणून टाकण्याची चाल काही ठिकाणी दिसते. ती तत्काळ बंद व्हायला हवी.

स्लॅब

स्लॅब हा आज प्रतिष्ठेचा विषय झाला आहे. वर मजला चढवायचा असेल तर त्याला पर्याय नाही, आणि जागा अपुरी असलेल्या कुटुंबाची ती निकड समजण्याजोगी आहे. प्रश्न निर्माण होतो तो जुन्या भिंतींवर स्लॅब टाकताना. दहा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला २५० किलो, त्यावर जलरोधक थर व खालचा गिलावा धरला की सुमारे ३५० किलो होते. वरील घराच्या ५४ चौरस मीटरवर हा भार जवळजवळ १९ टन पडतो. त्याच घरावरचे कौलारू छप्पर, रिपांसह चौरस मीटरला ६५ किलो धरले तर, वळचणीसकट सहा टनांच्या आत भरते. मातीत बसविलेल्या चिऱ्यांची भिंत सहा टन पिढ्यान्‌पिढ्या पेलत आली, म्हणून ती एकोणीस टनही पेलेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय उन्हाने तापून स्लॅब प्रसरण पावतो व भिंतीचा माथा ढकलतो. जुन्या घरांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा जातात त्या यामुळे. अशा घराचा पाया व भिंती अभियंत्याकडून तपासून घेतल्यावाचून, किंवा नव्या खांबांचा वेगळा सांगाडा उभारल्यावाचून, स्लॅबला हात घालू नये. पंचायतीचा परवाना मिळाला याचा अर्थ भिंत बळकट आहे असा होत नाही.

किनाऱ्यालगत दुसरा शत्रू म्हणजे मीठ. खाडीची खारी वाळू वापरली किंवा सळईवर काँक्रीटचे आवरण कमी राहिले की आठदहा वर्षांत सळई गंजते, फुगते आणि छताचे पापुद्रे सुटून खाली पडतात. आयएस ४५६ या मानकानुसार किनारी हवेला उघड्या असलेल्या कामात सळईवर ४५ मिलिमीटर आवरण असावे. खेड्यात प्रत्यक्षात सळई फळ्यांवर जवळजवळ टेकलेली आढळते. ओतकामाच्या दिवशी घरधन्याने इतर काही पाहिले नाही तरी सळईखाली सिमेंटच्या टेकणी ठेवल्या आहेत की नाहीत एवढे तरी वाकून पाहावे. त्यानंतर निदान दहा दिवस स्लॅबवर पाणी साठवून ठेवावे. सपाट स्लॅबलाही मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार लागतोच.

स्लॅबच्या नादात घराची वळचण नाहीशी होते, ही हानी सहसा कोणी मोजत नाही. जुन्या छपराच्या पागोळ्या भिंतीपासून पाऊण मीटर दूर पडत. नव्या स्लॅबचा सज्जा वीतभर. परिणामी चिऱ्याची भिंत पावसाळाभर भिजते, आतला गिलावा फुगतो, आणि लोक त्याचा दोष चिऱ्यावर ठेवतात. पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे पडदे बांधणाऱ्या पूर्वजांना हे नेमके कळत होते. गळका स्लॅब झाकण्यासाठी त्यावर पुढे लोखंडी कैच्या व पत्रा चढविलेली घरे आता गावोगाव दिसतात, म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च. तिरप्या स्लॅबवर सिमेंटात कौले चिकटविण्याची रीत देखणी खरी, पण कौल व स्लॅब यांच्यामध्ये शिरलेले पाणी बाहेर कोठून निघावे व गळती नेमकी कोठे आहे, हे मग कोणालाच सांगता येत नाही. रिपांवर सुटी बसविलेली कौले उचलून पाहता येतात.

कोणतेही छप्पर घातले तरी त्याची खरी तपासणी पहिल्या दमदार सरीत होते. त्या वेळी घरातल्या जाणत्या माणसाने विजेरी व खडू घेऊन माळ्यावर जावे. जेथे थेंब दिसेल तेथे लगेच रिपेवर वा वाशावर खुणेची रेघ ओढावी, आणि थेंब वरून कोठून ओघळत आला तेही शोधावे, कारण पाणी आत येते एका जागी आणि पडते दुसऱ्याच जागी. ओल्या कौलांवर चढू नये. शेवाळावरून पाय घसरतो व पायाखालचे कौल फुटते ते निराळेच. उघडीप मिळाली की आतूनच, शिडीवर उभे राहून, खुणेवरचे कौल उचलावे आणि माळ्यावर राखून ठेवलेल्या त्याच छापाच्या कौलांतून एक तेथे बसवावे.